वाचक विचारतात : दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार – मागणी नेमकी, कागद पक्का

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. सरकारी कार्यालये, शाळा, महामंडळे, महापालिका आणि खासगी आस्थापना हा कायदा पाळतात की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी केंद्रात मुख्य आयुक्त आणि प्रत्येक राज्यात राज्य आयुक्त आहेत. महाराष्ट्राच्या राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. वाचकांच्या पत्रांत याच कार्यालयाविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि संबंधित कार्यालयांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे. तालुक्यातल्या एका कार्यालयात दाखल्यासाठी आठ महिने हेलपाटे घातले. शेवटी आयुक्तांना पत्र लिहिले, "मला न्याय मिळावा ही नम्र विनंती." दोन महिन्यांनी माझे पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" त्याच कार्यालयाकडे परत गेल्याचे कळले. मग आयुक्त कशाला? (सातारा)

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, पण हे का घडले ते समजून घ्या, कारण बऱ्याच पत्रांचे असेच होते. तुमचे पत्र तिथे 'निवेदन' म्हणून आवक झाले. निवेदन आले की टपाल शाखा ते संबंधित कार्यालयाकडे पाठवते आणि तिच्या लेखी विषय संपतो. तुम्हाला हवी होती कलम 80 खालची 'तक्रार'. तिची नोंद वेगळी होते, क्रमांक पडतो, समोरच्याला नोटीस जाते. आयुक्तांना साक्षीदाराला समन्स काढण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे, शपथपत्रावर पुरावा घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम 82 ने दिले आहेत. ते अधिकार वापरले जावेत असे वाटत असेल, तर कागद तसा हवा.

विषयाच्या ओळीतच लिहा : "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 80 अन्वये तक्रार." खाली तक्रारदाराचे नाव, पत्ता, फोन आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक लिहा. मग समोरचा पक्ष. इथे चूक होते. लोक कारकुनाचे नाव लिहितात. त्याची बदली झाली की तक्रार लोंबकळते. म्हणून पदनाम लिहा : तहसीलदार, मुख्याधिकारी, मुख्याध्यापक, जो निर्णय घेऊ शकतो तो. त्याच्या वरचा अधिकारी दुसरा पक्ष म्हणून जोडलात तर आणखी बरे.

मजकूर तारखेनुसार लिहा. "वारंवार गेलो" याला सुनावणीत किंमत नाही. "12 जूनला अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक, 3 जुलैला तोंडी सांगितले की वाचून दाखवणारा माणूस (वाचक) आणा, 20 जुलैला लेखी विचारले, उत्तर नाही" याला आहे. दीड पानाच्या वर जाऊ नका. सोबतच्या कागदांना क्रमांक द्या आणि मजकुरात ज्या त्या ठिकाणी तो क्रमांक लिहा.

सर्वांत महत्त्वाची ती शेवटी लिहायची मागणी. "न्याय मिळावा" ही मागणी नव्हे, कारण तिच्यावर आदेश लिहिता येत नाही. तुमच्या बाबतीत ती अशी लिहा :

"1) माझ्या 12 जूनच्या अर्जावर 15 दिवसांत लेखी निर्णय द्यावा. 2) दृष्टिहीन अर्जदाराने स्वतःचा वाचक आणावा ही अट काढून टाकावी आणि कार्यालयातील कर्मचाऱ्याने अर्ज वाचून दाखवावा, भरून द्यावा. 3) ही व्यवस्था सर्व दिव्यांग अर्जदारांसाठी असल्याचे परिपत्रक काढून त्याची प्रत आयुक्तांना सादर करावी."

या तीन ओळींवर आयुक्त उद्या सही करू शकतात. तिसरी मागणी मुद्दाम घातली आहे. तुमचा दाखला मिळाला की कार्यालय "विषय निकाली" म्हणून मोकळे होते आणि पुढच्या दृष्टिहीन माणसाची तीच फरफट होते.

तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठी चालते. समक्ष दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टपालाने पाठवलीत तर स्पीड पोस्टाची पावती जपा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. ई-मेलने पाठवलीत तरी एक कागदी प्रत पाठवाच. आई-वडील, भावंडे किंवा संस्थाही तक्रार करू शकतात, आणि आयुक्त स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. मात्र तोच विषय आधीच न्यायालयात असेल तर ते सहसा हात घालत नाहीत.

प्रश्न : बँकेविरुद्धची तक्रार पुण्याला पाठवली, ती "आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत आली. कोणाची कक्षा कोणती? (नागपूर)

उत्तर : कक्षा ज्या सरकारवरून ठरते त्याला कायद्यात 'समुचित सरकार' म्हणतात. केंद्र सरकारची किंवा केंद्राच्या पैशावर चालणारी आस्थापना असेल, म्हणजे रेल्वे, टपाल खाते, राष्ट्रीयीकृत बँक, आयुर्विमा महामंडळ, केंद्रीय विद्यालय, पारपत्र कार्यालय, तर तक्रार नवी दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे. राज्याची कार्यालये, जिल्हा परिषद, महापालिका, राज्य महामंडळे, राज्याने मान्यता दिलेल्या शाळा असतील तर राज्य आयुक्तांकडे.

एक जागा हमखास चुकते. कटक मंडळे (कँटोन्मेंट बोर्ड) स्थानिक संस्था असली तरी कायद्याने केंद्राच्या बाजूला धरली आहेत. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी इथल्या कटक मंडळाच्या शाळेची किंवा दवाखान्याची तक्रार दिल्लीला जाते आणि रस्ता ओलांडला की महापालिकेच्या हद्दीतली पुण्याला. गोव्यातील वाचकांनी राज्याच्या विषयांसाठी गोव्याच्या दिव्यांगजन आयोगाकडे जावे.

प्रश्न : वडील राज्याच्या एका महामंडळात चालक आहेत. सुट्टीच्या दिवशी अपघात होऊन उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. वैद्यकीय मंडळाने चालकपदासाठी अपात्र ठरवले. आस्थापना शाखा म्हणते, अपघात कामावर झाला नाही, तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या. नोकरी अजून नऊ वर्षे आहे. (परभणी)

उत्तर : पहिली गोष्ट, त्या अर्जावर सही करू देऊ नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

कलम 20 चे पोटकलम 4 सांगते की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही, खालच्या पदावरही आणू शकत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यायचे. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी होईल तोवर, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा, पदावर ठेवायचे. कायद्यातील शब्द 'सेवेत असताना' असा आहे, 'कर्तव्यावर असताना' असा नाही. अपघात सुट्टीच्या दिवशी झाला, घरी झाला, याने काही फरक पडत नाही. कायद्याने स्थापन झालेली राज्य महामंडळेही 'शासकीय आस्थापना'त येतात. 1995 च्या कायद्यातही कलम 47 मध्ये हेच संरक्षण होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये एका जवानाच्या प्रकरणात ते ठामपणे लागू केले.

दोन कागद लागतील, आणि ते एकच आहेत असे समजू नका. एक, वैद्यकीय मंडळाचा अपात्रतेचा दाखला. दोन, दिव्यांगत्व प्रमाणपत्र. दुसरे अजून काढले नसेल तर आजच स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. मग विभाग नियंत्रकांना किंवा जो नियुक्ती अधिकारी असेल त्याला लेखी अर्ज द्या : कलम 20(4) नुसार समान वेतनश्रेणीचे पर्यायी पद द्यावे, आणि अपात्र ठरल्याच्या तारखेपासून रुजू होईपर्यंतचा काळ सवेतन नियमित करावा. हा दुसरा भाग लोक विसरतात. पद मिळते, पण मधले आठ-दहा महिने बिनपगारी रजेत जातात, वेतनवाढ पुढे ढकलली जाते आणि त्याचा फटका निवृत्तिवेतनापर्यंत बसतो.

प्रत्येक शासकीय आस्थापनेत कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. त्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. असा अधिकारी नेमलेलाच नसेल तर तेही तक्रारीत लिहा. कायद्याचा तो स्वतंत्र भंग आहे.

आता एक सावधगिरी. कार्यमुक्तीचा आदेश दहा-पंधरा दिवसांवर आला असेल तर फक्त आयुक्तांच्या भरवशावर राहू नका. आयुक्तांना अंतरिम स्थगिती देण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका बँक कर्मचाऱ्याच्या निवृत्तीच्या प्रकरणात स्पष्ट केले. चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार असणे वेगळे आणि मनाई हुकूम देणे वेगळे. स्थगिती हवी तर उच्च न्यायालय. परभणीकरांसाठी छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. वकिलाच्या पैशांची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. फोन करायचा तर 15100.

प्रश्न : आयुक्तांनी आमच्या बाजूने आदेश दिला. पाच महिने झाले, समोरचे कार्यालय हलत नाही. "ती फक्त शिफारस आहे," असे म्हणतात. (जळगाव)

उत्तर : शिफारस आहे, हे खरे. पण 'फक्त' हा शब्द त्यांनी पदरचा घातला आहे. कलम 81 पुढे काय म्हणते ते त्यांना दाखवा. शिफारस मिळाल्यावर आवश्यक ती कार्यवाही करून तीन महिन्यांत आयुक्तांना कळवायचे. शिफारस मान्य नसेल तर तसे का, याची कारणे त्याच तीन महिन्यांत आयुक्तांना द्यायची आणि पीडित व्यक्तीलाही कळवायची. म्हणजे कार्यालयापुढे दोनच रस्ते आहेत : करा, नाहीतर कारणे लिहून द्या. गप्प बसणे हा तिसरा रस्ता कायद्यात नाही, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तोच वापरला जातो.

म्हणून आदेश हाती आला त्याच दिवशी दिनदर्शिकेवर तीन महिन्यांची तारीख मांडा. ती उलटली की दुसऱ्या दिवशी आयुक्तांना एका पानाचे पत्र : "कलम 81 ची मुदत अमुक तारखेला संपली. मला कार्यवाही किंवा कारणे, काहीही कळवलेले नाही. संबंधित अधिकाऱ्यास कलम 82 खाली समन्स काढून अनुपालन अहवालासह समक्ष बोलवावे." त्याच आठवड्यात त्या कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मागा ते असे : आदेशाची आवक नोंद, त्यावरील टिप्पणी पानांच्या प्रती, आयुक्तांना पाठवलेल्या उत्तराची प्रत. 30 दिवसांत उत्तर येते. टिप्पणी पाने मागणे महत्त्वाचे, कारण फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली ते तिथेच दिसते. अनेकदा नकार कोणीच दिलेला नसतो, आदेश चुकीच्या शाखेत लागलेला असतो.

कायद्याखाली जी माहिती किंवा कागद देणे बंधनकारक आहे ते न देणाऱ्याला कलम 93 खाली प्रत्येक वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे आणि दंड ठोठावल्यावरही दिले नाही तर दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत. कायद्याच्या तरतुदींचा भंग केला तर कलम 89 : पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 ते 5 लाख रुपये. हे दंड आयुक्त स्वतः लावत नाहीत, त्यासाठी खटला लागतो. पत्रात या कलमांचा उल्लेख जरूर करा, पण उद्या दंड होईल अशा अपेक्षेने नको.

हे सगळे करूनही कार्यालय हलले नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे तुमच्या हातात आयुक्तांचा सकारण आदेश, उलटून गेलेली मुदत आणि टिप्पणी पाने असतील. एवढा पाया असलेली याचिका आणि नुसत्या गाऱ्हाण्यावर उभी याचिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयुक्तांकडे घातलेले महिने अशा वेळी वाया जात नाहीत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत 5 टक्के दिव्यांग निधी कधीच खर्च होत नाही. सरपंच म्हणतात, पैसेच नाहीत. (बीड)

उत्तर : राज्यातील स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून खर्च करायची, असे राज्य शासनाचे निर्णय आहेत. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. वित्त आयोगाचा पैसा यात धरत नाहीत. म्हणून "पंचायतीला 40 लाख आले" असे म्हणून हिशेब मांडलात तर ग्रामसेवक तुम्हाला एका वाक्यात खोडून काढेल. स्वउत्पन्न 8 लाख असेल तर निधी 40,000 रुपये. एवढाच आकडा धरा.

आधी आकडा हातात घ्या. वार्षिक अंदाजपत्रक (नमुना 1) आणि सामान्य रोकड वही (नमुना 5) यांच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. अंदाजपत्रकात तरतूद दिसते आणि रोकड वहीत खर्च दिसत नाही, हा एक प्रकार. दुसरा जास्त फसवा : खर्च दिसतो, पण 'दिव्यांगांसह सर्व ग्रामस्थांसाठी' बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर. तिसरा म्हणजे गावातल्या तीस जणांना हजार-हजार रुपये वाटून टाकणे. तो बेकायदा असेलच असे नाही, पण आम्हाला तो पैशाचा अपव्यय वाटतो. ज्याला कमोडची खुर्ची हवी त्याला हजारात ती येत नाही, आणि ज्याला श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हव्यात त्याला त्या वर्षभर पुरत नाहीत.

ग्रामसभेत विषय तोंडी मांडू नका. सभेच्या काही दिवस आधी लेखी द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. गावातील दिव्यांगांची नावे, प्रकार आणि प्रत्येकाची गरज अशी यादी सोबत जोडा. यादी नसेल तर "लाभार्थी निश्चित नाहीत" हे कारण तयारच असते. पुढची पायरी गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि समाजकल्याण विभाग. तिथून हलले नाही तर राज्य आयुक्तांकडे तक्रार, आणि समोरच्या पक्षात ग्रामपंचायतीबरोबर गटविकास अधिकाऱ्यांचेही पदनाम.

प्रश्न : मुलगी व्हीलचेअर वापरते. इमारतीच्या प्रवेशाला तीन पायऱ्या आहेत. सोसायटी रॅम्प बांधू देत नाही : "जागा नाही, आणि तुमच्या एकट्यांसाठी कशाला?" आयुक्त खासगी सोसायटीला काही सांगू शकतात का? (ठाणे)

उत्तर : सांगू शकतात. कायद्यातील 'खासगी आस्थापना' या व्याख्येत सहकारी संस्था शब्दशः आहे. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार करायचा योग्य तो बदल, नाकारणे हा भेदभाव ठरतो, फक्त ती सोय समोरच्यावर अवाजवी बोजा टाकणारी नसावी. म्हणून इथे भांडण हक्काचे कमी आणि मोजपट्टीचे जास्त आहे. मोजमाप तुम्हीच करून द्या.

रॅम्पचा चढ 1:12 असावा, त्याहून तीव्र नको. तुमच्या तीन पायऱ्या 15 सेंटिमीटरच्या असतील तर एकूण उंची 45 सेंटिमीटर. 45 गुणिले 12 म्हणजे 540 सेंटिमीटर, साधारण 18 फूट लांबी. रुंदी किमान 120 सेंटिमीटर. समोर सलग 18 फूट नसतील तर मध्ये वळण घ्या आणि वळणावर 150 सेंटिमीटर चौरस सपाट जागा सोडा, म्हणजे खुर्ची फिरते. वर दारापुढेही तेवढीच सपाट जागा हवी. चढावरच दार उघडायला लागले तर एक हात दाराला आणि एक चाकाला, मग खुर्ची मागे घसरते. दोन्ही बाजूंना कठडा हवा.

सोसायट्या घाईत जो रॅम्प बांधतात तो बहुतेक वेळा दुचाकी चढवायच्या उताराएवढा असतो, दीड मीटरचा. त्यावर व्हीलचेअर ढकलणारा माणूसही धापा टाकतो, आणि उतरताना खुर्ची पुढे उलटते. गुळगुळीत टाइल लावली की पहिल्या पावसात तो बंद. तळाशी गटाराची जाळी असेल आणि तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेने असतील तर पुढची छोटी चाके फटीत अडकतात; पट्ट्या आडव्या करून घ्या. दाराचा उंबरठा 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर. आणि रॅम्पच्या तोंडाशी "वाहने लावू नयेत" हे आधीच रंगवून घ्या, ही विनंती आम्ही कळकळीने करत आहोत. बांधलेले किती रॅम्प गाड्यांमागे निरुपयोगी पडून आहेत, ते कोणत्याही वसाहतीत दिसते.

वास्तुविशारदाकडून एका पानाचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज घ्या, सचिवांना अर्ज द्या आणि कार्यकारिणीचा लेखी ठराव मागा. "जागा नाही" हे तोंडी चालते, पण आराखड्यासमोर लेखी द्यायचे झाले की टिकत नाही. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर तो आराखडा जोडून राज्य आयुक्तांकडे तक्रार करा आणि एक प्रत उपनिबंधक, सहकारी संस्था यांना द्या.

नव्या इमारतींसाठी कलम 44 आहे : सुगम्यतेचे (दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीचे) नियम पाळले नाहीत तर बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र द्यायचे नाही. अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षे होती. नियम जून 2017 चे, ती मुदत 2022 मध्ये संपली. मुंबईच्या पदपथांवरील खांब इतके जवळजवळ होते की व्हीलचेअर आतच जाऊ शकत नव्हती. एका नागरिकाच्या ई-मेलवरून मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमांतील शिफारसवजा भाग कायद्याला धरून नसल्याचे सांगून केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितले. तेव्हा "हे ऐच्छिक आहे" असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : मुलाला स्वमग्नता आहे. खासगी शाळेने प्रवेश तोंडी नाकारला. (कोल्हापूर)

उत्तर : शाळेला सरकारी अनुदान नसले तरी मान्यता असली की कलम 16 लागू होते, म्हणजे दिव्यांगत्वावरून प्रवेश नाकारता येत नाही. अडचण पुराव्याची आहे. त्याच दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापकांना ई-मेल करा : "आज सकाळी झालेल्या भेटीत आपण अमुक कारणाने प्रवेश देता येत नाही असे सांगितले. माझी समजूत चुकीची असल्यास कळवावे." उत्तर आले तर पुरावा, नाही आले तरी तारखेसह नोंद. मग शिक्षणाधिकारी, आणि समांतर राज्य आयुक्त. मागणीत 'याच शैक्षणिक वर्षात' हे शब्द घाला. नाहीतर आदेश येईपर्यंत मार्च उजाडतो. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ, ही मागणीही आताच नोंदवून ठेवा.

प्रश्न : प्रमाणपत्रावर 38 टक्के आले. आयुक्त 40 करून देतील का? (अकोला)

उत्तर : नाही. टक्केवारी हा वैद्यकीय निर्णय आहे. त्याविरुद्ध कलम 59 खाली राज्याने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे, प्रमाणपत्र मिळाल्यापासून 90 दिवसांत अपील करा. मात्र 40 च्या खाली आहात म्हणून सारेच हक्क गेले असे नाही. आरक्षणाला 40 लागतात, भेदभावाविरुद्धचे संरक्षण आणि वाजवी सोय यांना लागत नाहीत. लेखनिकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच सांगितले.

प्रश्न : आयुक्त सरकारच नेमते. सरकारविरुद्ध ते काय करणार? (पुणे)

उत्तर : हा प्रश्न आम्हालाही छळतो. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला. त्याचे कलम 33 अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा मागते. आपल्या कायद्याने आयुक्तांना चौकशीचे अधिकार दिले, स्वतःहून दखल घेण्याची मुभा दिली, पाच जणांपर्यंतची सल्लागार समिती दिली. पण महाराष्ट्रात हे पद बहुधा भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याकडे असते आणि तेच कार्यालय विशेष शाळांची मान्यता, अनुदाने, योजना हेही पाहते. योजना राबवणारा आणि ती नीट राबवली का हे तपासणारा एकच झाला की तपासणीची धार बोथट होते, अधिकारी कितीही सचोटीचा असो. केंद्रातही मुख्य आयुक्तपदाचा कार्यभार बराच काळ त्याच विभागाच्या सचिवांकडे राहिला. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला ते चांगलेच झाले. आता योजनांचे काम विभागाकडे आणि देखरेख पूर्णपणे वेगळ्या आयुक्तांकडे, अशी फोड व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर एक साधन फारसे कोणी वापरत नाही. कलम 83 नुसार आयुक्तांनी राज्य सरकारला वार्षिक अहवाल द्यायचा आणि सरकारने तो विधिमंडळापुढे ठेवायचा. सोबत शिफारशींवर काय केले आणि न स्वीकारलेल्या शिफारशींची कारणे. संस्थांनी आपल्या आमदाराला दोन प्रश्न लिहून द्यावेत : मागील अहवाल कोणत्या तारखेला सभागृहात ठेवला? किती शिफारशी अमान्य झाल्या आणि का? तुमची तक्रार थेट आयुक्तालयाच्याच प्रशासकीय निर्णयाबद्दल असेल, जसे विशेष शाळेची मान्यता, तर एक लेखी अर्ज देऊन उत्तराची वाट पाहा आणि मग उच्च न्यायालयाचा मार्ग धरा.

प्रश्न : शेजाऱ्याने भांडणात भावाची कुबडी मुद्दाम मोडली आणि चारचौघांत व्यंगावरून शिव्या दिल्या. आयुक्तांकडे जावे का? (सांगली)

उत्तर : आधी पोलीस ठाणे. कलम 92 खाली दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणे आणि तिच्या सहायक साधनाची मुद्दाम मोडतोड करणे हे दोन्ही गुन्हे आहेत : सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. नुसती अदखलपात्र नोंद करून घरी पाठवत असतील तर फिर्यादीत कलम 92 लिहून द्या. मोडकी कुबडी फेकू नका, दुरुस्तही करू नका. फोटो काढून पंचनाम्यात जमा करा. नवीन घेतलीत तर पावती ठेवा.

प्रश्न : मी कर्णबधिर आहे. सुनावणीत काय चालले आहे ते मला कळणार कसे? (नाशिक)

उत्तर : तक्रारीच्या पहिल्याच पानावर लिहा : "मला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा लागेल." कलम 12 न्याय मिळवताना ही सोय मागण्याचा हक्क देते. सुनावणीची नोटीस आली की पुन्हा ई-मेलने आठवण द्या. दुभाषा न येता तारीख लागली तर "मला समजले" अशा रोजनाम्यावर सही करू नका. "दुभाषा नसल्याने पुढील तारीख द्यावी" असे स्वतःच्या हाताने लिहून द्या. सुनावणी ऑनलाइन असेल तर दुभाष्याची चौकट पडद्यावर कायम दिसेल अशी लावून द्यायला सुरुवातीलाच सांगा, नाहीतर बोलणारा बदलला की दुभाषा पडद्यावरून नाहीसा होतो.